गळ्यातला कॅमेरा आणि खवट नारळ

एका शोधनिबंधात त्यांचं नाव ‘मिसेस बी’ एवढंच आहे. वय ६३, चांगल्या शिकलेल्या. मेंदूला सूज येऊन गेल्यावर त्यांच्या आयुष्यात नवं काही टिकेनासं झालं. एखाद्या खास प्रसंगाचाही चार-पाच दिवसांत मागमूस राहत नसे.

इंग्लंडमधल्या केंब्रिजला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात लिंडसे विल्यम्स यांनी सेन्सकॅम नावाचा छोटा कॅमेरा तयार केला होता. तो गळ्यात अडकवायचा आणि विसरून जायचं. दर ३० सेकंदांनी, किंवा उजेड बदलला, समोर माणूस आलं की तो आपोआप फोटो काढायचा. मिसेस बी तो घालून बाहेर जात. मग दर दोन दिवसांनी पतीबरोबर बसून ते फोटो बघत. २००७ साली निष्कर्ष छापून आले. फोटो बघून त्यांना प्रसंगातलं सुमारे ८० टक्के आठवत होतं, आणि ११ महिन्यांनंतरही ते बव्हंशी टिकून होतं. त्यातले शेवटचे तीन महिने तर त्यांनी फोटो पाहिलेही नव्हते. डायरी वाचून ४९ टक्के आठवे, पण महिनाभर डायरी बंद ठेवली की काहीच नाही.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. स्मृतीच्या धड्याला हे आकडे फळ्यावर लिहिते, कारण डायरी का हरली हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. डायरीत प्रसंगाचा सारांश असतो. सेन्सकॅमच्या फोटोत मात्र तिरपं टेबल, कपाचा कान, पुढे चाललेल्या कुणाची तरी पाठ असलं काहीबाही असतं, तेही स्वतःच्या छातीच्या उंचीवरून आणि घडलं त्याच क्रमानं.

माझ्या सासूबाईंना हल्ली कालचं आज आठवत नाही. वटपौर्णिमेला सगळ्या बायका रांगेत उभ्या असलेला फोटो दाखवला, तर त्या नुसत्या ‘छान आहे’ म्हणाल्या. पुढचा फोटो भाचीच्या हातून चुकून निघाला होता : ओट्यावर खवणी, अर्धी वाटी नारळ, बाजूला ओली पिशवी. तो बघताच म्हणाल्या, “अगं, नारळ खवट निघाला नव्हता का? मग विजूला पिटाळलं परत दुकानात!” विजू त्या रांगेच्या फोटोत समोरच उभी होती.

सेन्सकॅम जिथे बनला त्याच केंद्रातल्या ॲबिगेल सेलन यांचं काम मला या विषयात सगळ्यांत भरवशाचं वाटतं. त्यांनी सहकाऱ्यांसह धडधाकट विद्यार्थ्यांच्या गळ्यात सेन्सकॅम घालून बघितला. ‘तेव्हा मी तिथे होतो’ असं आतून जागं होणं वेगळं आणि ‘मी गेलो असणार’ असं फोटोवरून ताडणं वेगळं, हा फरक त्यांनी काटेकोर पाळला. तीनेक महिन्यांत फोटोंची पहिली ताकद ओसरली. ताडायला मात्र ते उपयोगी पडत राहिले. मिसेस बींचं इतकं टिकलं, त्यात पुन्हापुन्हा शेजारी बसणाऱ्या नवऱ्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टचेच संशोधक गॉर्डन बेल आयुष्यातला प्रत्येक कागद, फोटो, फोनकॉल संगणकात साठवत होते. सगळं साठवलं म्हणजे सगळं आठवेल, ही आशा तेव्हा जोरात होती. २०१० साली सेलन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी तिला सविस्तर उत्तर दिलं. माणूस आठवतो ते निरनिराळ्या कामांसाठी : घडलेलं पुन्हा जगायला, गप्पांत रमायला, हरवलेला कागद शोधायला, स्वतःकडे वळून बघायला, आणि पुढे काय करायचंय ते ध्यानात ठेवायला. मग उपकरणही त्या-त्या कामासाठी बेतायला हवं.

यातल्या शेवटच्या कामावरच घराघरांत रोज कटकट होते. दुपारची बीपीची गोळी घेतली की नाही? फोनचा अलार्म वाजतो तेव्हा सासूबाई बाल्कनीत असतात. तो बंद करून गोळीपर्यंत पोचेस्तोवर दूधवाला बेल वाजवतो. त्यांचे हजार फोटो काढून हे सुटणार नाही. मला डबी हवी आहे ती अशी, की उघडली गेली की नाही हे तिला कळावं, आणि सासूबाई जेवून पाण्याचा तांब्या उचलतात नेमक्या त्याच वेळी तिनं मराठीत हाक मारावी. असं काही बनवणाऱ्या मुलामुलींनी आधी चार दुपारी अशा एखाद्या घरात बसून काढाव्यात.