कुणाची अकरा पानं, कुणाची सत्तावीस

जीवन विम्याच्या पॉलिसीचं पाकीट घरी आलं की आपण नाव, रक्कम आणि हप्ता पाहतो आणि ते कपाटात ठेवून देतो. हे पाकीट छपाईसाठी तयार करणं हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त जपावी लागते ती पानांची संख्या.

पत्र, शेड्यूल आणि सर्वसाधारण अटी सगळ्यांना सारख्याच. साचा एकदा बसला की नाव, पत्ता, रक्कम डेटातून आपापल्या जागी येतात. खरा कस लागतो तो पुढे. रायडरच्या, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणाच्या, अटी ज्यानं तो रायडर घेतला त्यालाच जातात. शिवाय ग्राहकानं भरलेल्या प्रपोजल फॉर्मची स्कॅन केलेली प्रत जोडायची असते. कुणाचा फॉर्म सहा पानी, तर कुणाला मधुमेह असल्यामुळे सोबत वेगळी प्रश्नावली. त्यामुळे साच्यात ‘इथे सहा पानं’ असं लिहून भागत नाही. प्रोग्रॅम प्रत्येकाची फाइल उघडतो, पानं मोजतो आणि तेवढीच नवी पानं तयार करतो. एखादं पान आडवं स्कॅन झालेलं असतं, ते उभं करायचं. एखादं लीगल आकाराचं, 356 मिलिमीटर लांब. ते ए-फोरच्या 297 मिलिमीटरमध्ये बसवायचं तर 83 टक्क्यांवर आणावं लागतं. तेवढं लहान झाल्यावरही ‘रक्तदाब आहे का?’ या प्रश्नापुढच्या चौकटीत हातानं लिहिलेलं ‘नाही’ स्वच्छ वाचता आलं पाहिजे.

‘पान 3, एकूण 19’ असं पहिल्याच पानापासून छापायचं तर एकूण आकडा आधी हाती हवा. म्हणून संपूर्ण संच एकदा मांडून मोजायचा आणि मगच क्रमांक घालायचे. छपाई दोन्ही बाजूंनी होते. पानं विषम असली तर शेवटच्या कागदाची पाठ मुद्दाम कोरी सोडावी लागते. नाहीतर एकाच्या आजाराच्या माहितीमागे दुसऱ्याचं पत्र छापलं जाईल. प्रत्येक कागदाच्या कडेला छोटा बारकोड असतो: हा संच कुणाचा, त्यातला हा कितवा कागद, एकूण किती. पाकिटं भरणाऱ्या मशीनचा कॅमेरा तो वाचतो. दुसऱ्या कागदानंतर चौथा आला की मशीन जागच्या जागी थांबतं. टपालखर्चही याच मोजणीवर ठरतो, कारण 80 जीएसएमचा ए-फोर कागद जवळपास 5 ग्रॅमचा असतो.

एवढ्या तपासण्या असूनही एक फट उरते. स्कॅनची फाइल आलीच नाही किंवा रिकामी आली, तर प्रोग्रॅमच्या हिशेबी तिची पानं शून्य. तो शून्य पानं जोडतो, एकूण आकडा त्याप्रमाणे काढतो, बारकोडही बिनचूक छापतो. मशीन कुठेही अडत नाही आणि फॉर्म नसलेलं पाकीट पोस्टात पडतं. कारण छापणाऱ्यानं स्वतःच मोजलेला आकडा स्वतःशी जुळणारच. म्हणून पानांची संख्या बाहेरून आलेली असावी, यावर मी ठाम आहे. ज्यांनी फॉर्म स्कॅन केला त्यांनी पानं मोजून आकडा डेटात द्यावा, आम्ही फाइलमधली पानं मोजावीत आणि दोन्ही जुळले नाहीत तर तो संच छपाईला न जाता बाजूला पडावा. नमुना तपासतानाही साधारण संच घेऊन चालत नाही. सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, विषम पानांचा आणि फॉर्म नसलेला असे चारही काढून बघावे लागतात.

हा आग्रह कशासाठी, तर विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसीला तीन वर्षं होईपर्यंत चुकीच्या माहितीच्या कारणावरून कंपनी तिला आव्हान देऊ शकते. त्या वादात बघितला जातो तो हाच फॉर्म. एजंटनं आपल्या वतीनं काही भलतंच लिहिलं असेल, तर ते कळण्याची जागाही हीच. पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत पानं मोजा, शेवटच्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि तुमच्या सहीचा फॉर्म त्यात आहे ना, हे आधी बघा. नसेल तर लगेच लेखी मागा. तो मागणं हा तुमचा हक्क आहे.