जुन्या मोटारीचा पंखा का फिरत नाही?

बिदर जिल्ह्याच्या उत्तर सीमाभागातील ठाणाकुशनूरहून उदगीर, औराद किंवा भालकीकडे धावणाऱ्या जुन्या मोटारीची खरी परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही. ती उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना किंवा आठवडी बाजाराच्या गर्दीत खोळंबून राहताना होते. वेगात असलेल्या गाडीच्या रेडिएटरला, म्हणजे इंजिनातील तापलेले पाणी बारीक नळ्यांतून फिरवून त्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीला, समोरचा वाराच पुरेसा असतो. परंतु वेग मंदावताच ते सगळे काम एका विजेच्या पंख्यावर येऊन पडते, आणि पारा चाळिशीपलीकडे गेलेल्या दिवसांत तो फिरला नाही तर तापमानाचा काटा थोड्याच वेळात तांबड्या रेघेला भिडतो.

अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना ही अडचण नव्हती. त्यांचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे पंखा पट्ट्याच्या जोरावर इंजिनाबरोबरच फिरे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र इंजिन आडवे होते, त्याची पुली चाकाच्या बाजूला तोंड करून होती आणि रेडिएटर समोर होता, म्हणून पंख्याला स्वतंत्र मोटर द्यावी लागली. (१९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीतही इंजिन आडवेच होते, पण तिथे रेडिएटरच एका बाजूला सरकवून पट्ट्याचा पंखा टिकवला गेला.) इंजिन थंड असताना विजेचा पंखा शांत राहतो, हा मोठा लाभ आहे, मात्र त्यासाठी बॅटरी, फ्यूज, रिले, थर्मोस्विच, मोटर आणि अर्थिंग अशी साखळी अखंड असावी लागते, आणि तिची एक कडी निखळली तरी बाहेरून दिसते ते एवढेच की पंखा बंद आहे. म्हणूनच तपासणी न करता नवी मोटर विकत घेणे हा बहुतेक वेळा वाया जाणारा खर्च ठरतो.

तपासणीची सुरुवात मोटरच्या जोडणीपाशी करणे सर्वांत सोयीचे असते. इंजिन पुरेसे तापलेले आणि चावी चालू असताना जोडणी सोडवून तिच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावावा. तो पेटला तर वीज मोटरपर्यंत येत आहे. न पेटल्यास त्याचे एक टोक जोडणीच्या धन तारेलाच ठेवून दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पाहावे, आणि आता दिवा लागला तर दोष अर्थिंगमध्ये, बहुधा बॉडीला जोडलेल्या गंजक्या बोल्टमध्ये, असतो. येथे एक सावधगिरी हवी. टेस्ट लॅम्पला अगदी थोडा प्रवाह पुरतो, तर ८० वॅटच्या मोटरला १२ व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर लागतात. त्यामुळे एकाच धाग्यावर तग धरून असलेली तार दिवा लावते, पण पंखा फिरवू शकत नाही. म्हणून फ्यूज असलेल्या जाड तारेने मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहणे हीच निर्णायक चाचणी होय. तरीही पंखा हलला नाही, किंवा मोटरवर हलकेच ठोकल्यावर तेवढ्यापुरता फिरला, तर आतील कार्बन ब्रश झिजले आहेत असे समजावे.

मोटर निर्दोष निघाली, तर संशय फ्यूज, रिले आणि थर्मोस्विच यांच्यावर येतो. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारी विद्युतचुंबकीय कळ; हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर अदलाबदल करून क्षणात निदान होते. थर्मोस्विच हा ठरावीक तापमानाला, साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, आपोआप जुळणारा खटका असून काही गाड्यांत तो रेडिएटरमध्ये, तर काहींत इंजिनावरील पाण्याच्या वाटेत असतो. दोन तारांचा स्विच असल्यास त्या तारा एकमेकींना जोडताच पंखा फिरायला हवा. तो फिरला तरी स्विच लगेच दोषी ठरवू नये: पाणी कमी असेल तर स्विच पाण्याऐवजी वाफेत उघडा पडतो आणि त्याला खरे तापमान कळतच नाही. तसेच थर्मोस्टॅट, म्हणजे मेणाच्या प्रसरणाने उघडणारी झडप, बंद अवस्थेत अडकली तर इंजिन उकळत असूनही रेडिएटर कोमट राहतो, आणि त्यात बसवलेला स्विच पंखा सुरू करत नाही. दोष वेगळाच, पण आरोप पंख्यावर येतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्यांत साचलेला थरही असाच फसवतो. संगणक-नियंत्रित इंजिन असलेल्या नंतरच्या गाड्यांत हे काम सेन्सर व नियंत्रक पेटी करतात, म्हणून तिथे तारा जोडून पाहण्याचा हा प्रयोग करू नये.

गॅरेजमध्ये यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे पंखा 'डायरेक्ट' करणे, अर्थात चावी फिरवताच तो सतत चालेल अशी जोडणी करणे. गावी पोहोचण्यापुरता तो क्षम्य आहे, कायमचा नाही. रिले आणि फ्यूज वगळून सगळा प्रवाह चावीच्या स्विचमधून नेला तर त्याचे संपर्कबिंदू जळतात, तार वितळते आणि आगीचा धोका संभवतो. शिवाय कमी झालेले पाणी किंवा अडकलेला थर्मोस्टॅट तसाच राहून अखेर हेड गॅस्केट उडण्यापर्यंत मजल जाते. दुरुस्तीनंतर धन व ऋण तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा वारा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतो, हेही पाहून घ्यावे. जाळीसमोर धरलेला कागद तिला चिकटला तर दिशा योग्य आहे.

वाटेतच पंखा थांबला तर एसी बंद करून, हीटर असल्यास तो पूर्ण चालू करून, गाडी सावलीत उभी करावी आणि इंजिन थांबवावे. रेडिएटरचे झाकण मात्र किमान अर्धा तास उघडू नये. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीच्या बिदर पठारावर उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण झाकणाने राखलेल्या दाबाखाली ते त्याहून बरेच अधिक तापूनही द्रवरूपात राहते, आणि झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते उघडणाऱ्याच्या तोंडावर उसळते.