शिंगरू पुढे, घोडा मागे!

तुम्ही पनवेलच्या आसपास राहत असाल, तर शर्यतीचे घोडे वाहून नेणारी एखादी गाडी मुंबई-पुणे रस्त्यावर तुम्हांला दिसलीही असेल. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो, तर पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात. म्हणून या घोड्यांना घाट चढावा-उतरावा लागतो. त्यांतला एखादा दोन वर्षांचा असताना सर्वांच्या पुढे धावतो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत त्याचे नावही ऐकू येत नाही. असे का होत असावे? त्याला काय दृष्ट लागते?

आधी वयाचीच गंमत पाहा. थरोब्रेड जातीच्या घोड्यांचे वय भारतात १ जानेवारीपासून मोजतात. शिंगरू जानेवारीत जन्मो की मे महिन्यात, पुढच्या १ जानेवारीला दोघेही कागदोपत्री एक वर्षाचे! (आपल्याकडेही पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहून टाकीत. आजोबांना विचारून पाहा.) आता हिशेब करा. दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत डिसेंबरात झाली, तर त्यात एक घोडा ३५ महिन्यांचा आणि दुसरा ३१ महिन्यांचा असू शकतो. थोरला जिंकतो, पण त्याच्या विजयात त्या चार महिन्यांचा वाटा किती, हे कोण सांगणार? दोघेही पाच वर्षांचे झाले, की हा फरक उरतच नाही.

शिवाय सर्व घोडे एकाच गतीने वयात येत नाहीत. आपल्या वर्गात नाही का, आठवीत सर्वांत उंच असलेला मुलगा दहावीत मधल्या रांगेत उभा असतो! स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील एका बदलावरून घोडा कमी अंतराला चांगला की लांब पल्ल्याला, याचा अंदाज बांधता येतो, असे आयर्लंडमधील एमेलिन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले. कमी अंतराचे घोडे लवकर भरतात व लहान वयात जिंकतात. पुढे मात्र अंतर वाढते. डिसेंबरातली इंडियन टू थाउजंड गिनीज ही शर्यत १६०० मीटरची, तर फेब्रुवारीतली इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. म्हणजे घोडा बिघडलेला नसतो. प्रश्नपत्रिका बदललेली असते.

खरी काळजीची गोष्ट आहे ती पायांची. हाताचे मधले बोट टेबलावर उभे टेका आणि बाकीची बोटे उचलून घ्या. घोडा असाच एकेका बोटाच्या नखावर उभा असतो! त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरे तर मनगट होय. भरधाव वेगात एक क्षण असा येतो, की सगळा भार एकाच पायावर असतो, आणि तो घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भरतो. घोडा ४५० किलोग्रॅमचा धरला, तर हा भार हजार किलोग्रॅमच्याही वर गेला. आणि मनगटाच्या वरच्या हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चेची वाढपट्टी तर साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास पक्की होते. पाठीच्या कण्याला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

हाड ही काही निर्जीव वीट नव्हे. भार पडेल तसे ते आपली घडण बदलते. मात्र त्यासाठी आधी जुना भाग झिजवून मग नवा भरावा लागतो. ही दुरुस्ती चालू असताना हाड काही आठवडे कमजोर असते. नेमके तेव्हाच जोराने पळवले, तर नडगी सुजते, बारीक तडे जातात. म्हणून शिंगराला बांधून ठेवावे काय? मुळीच नाही. थोडे थोडे धावल्यानेच त्याचे हाड मजबूत होते. कंडरेचे मात्र तसे नाही. ती एकदा फाटली, की भरून येते ती जाड व्रणाने, आणि पूर्वीचा लवचीकपणा सहसा परत येत नाही. कित्येक घोड्यांची कारकीर्द येथेच संपते.

आता एक प्रयोग करा. वर्गातील चाळीस जणांनी प्रत्येकी दोन फासे टाकून बेरीज लिहावी. पहिले पाच निवडा. त्यांची बेरीज बहुधा दहा किंवा अधिक असेल. त्याच पाच जणांना पुन्हा फासे टाकायला सांगा. आता त्यांची सरासरी साताच्या आसपास घसरलेली आढळेल. ते काही फासे टाकायला विसरले नाहीत! इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीत हीच घसरण दाखवली होती. घोड्याचे यश फाशांसारखे निव्वळ दैवाचे नसते, म्हणून तो इतका खाली येत नाही. पण पहिल्या विजयात मऊ जमीन, आतली जागा, प्रतिस्पर्ध्याची सर्दी असे काहीबाही मिसळलेले असतेच. ते दर वेळी कसे मिळेल?

गंमत अशी, की शिंगराचा भाव मात्र त्या पहिल्या विजयावरच चढतो, आणि लगेच दुसऱ्या शर्यतीची घाई सुरू होते. तबेल्यातला जाणता मोतद्दार अशा वेळी घोड्याची नडगी रोज सकाळी हाताने चाचपून पाहतो. ती गरम लागली, तर त्या दिवशी जीन चढत नाही.