गिरिजेची वाळू आणि क्रशरची वाळू

बांधकामाची वाढ आपण सिमेंटच्या गोण्यांवर मोजतो, पण फुलंब्रीसारख्या तालुक्यात खरी अडचण वाळूची आहे. संभाजीनगर-जळगाव रस्त्याकडेला घरे वाढतील, कारखाना सिमेंटही वाढवून देईल; गिरिजा नदी मात्र मागणी पाहून वाळू देत नाही. त्याचे कारण भूगर्भात आहे. इथला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात वाळू घडवणारे टणक क्वार्ट्झ जवळपास नसतेच, म्हणून तो झिजला की मुख्यतः काळी चिकणमाती होते. उपसा आणि भरपाई यांचा मेळ बसणे म्हणूनच अवघड.

तेव्हा तोच पाषाण क्रशरमध्ये दळून केलेली वाळू वापरणे मला रास्त वाटते. 'ती कच्ची असते,' हा आक्षेप अर्धाच खरा. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तिला मान्यता आहे आणि तिचे कोनदार कण एकमेकांत घट्ट बसतात. मात्र धूळ जास्त राहिली तर मिश्रण पाणी जास्त मागते आणि काँक्रीटची ताकद घटते. न चाळलेली क्रशरची डस्ट वाळू म्हणून खपवली जाते, बदनामी तिथून येते. डोंगर फोडावा लागतो, हा आक्षेप अधिक वजनदार. पण खडीसाठी तो आजही फुटतोच, आणि नदीची वाळू गेली की विहिरींना पाणी पुरवणारा थरही जातो.