धारेचे यंत्र घेण्यापूर्वी



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात कोयता, विळा किंवा कुऱ्हाड नाही असे घर खेड्यात सापडणे कठीण. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि त्या वाटेने पुढे इतर गावेही गेली. बांबू तोडायचा म्हणजे कोयता हवा, आणि बुरुडाला तो सोलायला पातळ, तिखट पाते हवे. असे असता आयटीआयमधून फिटर-वेल्डर होऊन निघालेली, पण ठेकेदाराच्या रोजंदारीवाचून दुसरे काही हाती न लागलेली पोरे आमच्याकडे येऊन विचारतात, ‘सुऱ्या-कोयते करायचे म्हणतो, बेल्ट ग्राइंडर कोणता घेऊ? स्वस्तातला सांगा.’ प्रश्न एका यंत्राचा दिसतो खरा, पण त्यामागे बहुधा काढू घातलेले कर्ज उभे असते. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे आम्हांस वाटते.

लोखंडाचे काम या भूमीला नवे नाही. जुन्या चांदा जिल्ह्यात (गडचिरोली त्यातून १९८२ साली वेगळा झाला) लोहाऱ्याच्या टेकडीचे खनिज प्रसिद्ध होते आणि लाकडी कोळशाच्या लहान भट्ट्यांतून ते गाळले जाई. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्‌झ या परदेशी तज्ज्ञाने सरकारला त्यावर अहवाल दिला. तो वाचून जमशेटजी टाटांनी येथेच कारखाना काढण्याचा विचार केला होता. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही आणि पुढे कारखाना साकचीला गेला. भट्ट्या विझल्या, लोहार मात्र राहिला. आज तो खनिज गाळत नाही. ट्रकच्या मोडक्या कमानीचे पाटे तापवून त्यांचे कोयते करतो. घुग्घुस-राजुऱ्याच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक धावतात तोवर त्याला या मालाची वाण पडायची नाही! कमानीचे पोलाद पात्याला उत्तमच असते. फक्त पाट्याला आधीची बारीक चीर गेलेली नाही ना, ते नीट पाहून घ्यावे.

आता यंत्राकडे वळू. बेल्ट ग्राइंडर म्हणजे दोन-तीन चाकांवरून फिरणारा एमरीचा पट्टा, दुसरे काही नाही. तो सुरी घडवीत नाही. नको असलेले लोखंड खातो, एवढेच. सुरीचा जीव तिच्या पाण्यात असतो. पाते लाल करून, त्याला लोहचुंबक चिकटेनासे झाले की तेलात बुडवायचे, आणि मग दोनशे अंशांच्या आसपास दोन तास शेकून त्याचा ठिसूळपणा काढायचा. हे ज्याला साधले नाही त्याने लाखाचे यंत्र आणले तरी त्याची सुरी कांद्यापाशीच बोथट होईल. म्हणून पहिली चार-पाच पाती कानशीने करावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कानस, एक शिकंजा आणि कोन धरायला घरी केलेला साधा सांगाडा, एवढ्यावर चांगली सुरी होते. वेळ लागतो, दंड भरून येतात, पण लोखंड कसे कापले जाते ते हाताला कळते.

यंत्राने काम झटपट होते, आणि तितक्याच झटपट बिघडतेही. घासताना पाते तापते. धारेवर निळा रंग चढला की तेथले पाणी उतरले असे समजावे. तो रंग पुसून काढता येतो, उतरलेले पाणी परत येत नाही. म्हणून पाणी देण्यापूर्वी धारेवर सुमारे एक मिलिमीटर जाडी राखावी. पाणी दिल्यावर मात्र उघड्या हाताने घासावे, आणि बोटाला चटका सोसवेनासा झाला की पाते बादलीत बुडवावे.

म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न वेगाचा. हिशेब सोपा आहे. चार इंची चाकाचा घेर एका फुटाहून थोडा अधिक. ते मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीवर बसवले तर पट्टा मिनिटाला सुमारे १५०० फूट धावतो. २८५० फेऱ्यांच्या मोटारीवर सुमारे ३००० फूट. शिकाऊ माणसाला पहिला वेग पुरे. दोन-अडीच हजारांत मिळणारा चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. त्याच्या चकतीची कड त्या १५०० फुटांच्या सातपटीहून अधिक वेगाने फिरते. त्यावर कमान कापावी, ढोबळ आकार काढावा, पण धार काढू नये. त्यालाच पट्टा जोडण्याचे साधन मिळते, ते एका मुलाच्या खिशाला परवडते खरे. पण त्यावर सपाट कोन धरणे फार जिकिरीचे.

एक इंच रुंद आणि तीस इंच लांब पट्ट्याचे लहान टेबली यंत्र धार लावायला आणि भाजीच्या सुऱ्यांना ठीक. कोयत्याचे काम त्याच्याने होत नाही. जरा दाबले की मोटार बसते. परदेशी सुरीवाले दोन इंच रुंद, बहात्तर इंच लांब पट्टा वापरतात, आणि ते माप खरोखर चांगले आहे: लांब पट्टा कमी तापतो आणि जास्त टिकतो. पण तयार यंत्र महाग. आमचा सल्ला असा, की हाती वेल्डिंग असेल त्याने चौकोनी नळीचा सांगाडा स्वतः करावा आणि चाके ओळखीच्या टर्नरकडून उतरवून घ्यावीत. मोडीत निघालेल्या घरगुती चक्कीची एक अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची मोटार चालते. दीड-दोनची मिळाली तर उत्तम. वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा सुखाचा आहे, पण त्याला थ्री-फेज मोटार लागते आणि ती कमी व्होल्टेजवर डेल्टा जोडता येते का, हे तिच्या पाटीवर पाहावे लागते. पहिल्या वर्षी दोन मापांच्या पुलीवर भागवावे. खेड्यात संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा मोटारही मंदावते. कामाची वेळ त्याप्रमाणे धरावी.

यंत्र एकदा घेतले जाते, पट्टे मात्र जन्मभर घ्यावे लागतात. म्हणून आधी पट्ट्यांची चौकशी, मग यंत्राची. ज्या मापाचा पट्टा नागपूरपर्यंत मिळत नाही ते यंत्र फुकट दिले तरी घेऊ नये. साठ, एकशेवीस आणि दोनशेवीस या तीन नंबरांवर सुरुवात होते. पट्टा बोथट झाला की बदलावा. जुना पट्टा दाबून दाबून चालवणारा चार पैसे वाचवतो आणि पाते जाळतो.

पैशाविषयी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहार, हत्यारे बनवणारा आणि टोपल्या करणारा हे तिघेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या हप्त्यात एक लाखापर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज, अशी तिची तरतूद आहे. अवजारांची रक्कम जरूर घ्यावी. कर्ज मात्र पहिल्या दहा सुऱ्या विकल्या जाईपर्यंत घेऊ नये. आणि चौघांनी मिळून एक यंत्र घेतले तर काय बिघडते? यंत्र दिवसाचे दोन तासही चालत नाही. एकेकट्याने चार स्वस्त यंत्रे घेण्यापेक्षा चौघांनी एक खंबीर घ्यावे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेला माणूस दुसरे काय सांगणार, असे आपण म्हणाल. म्हणा, पण हिशेब करून पाहा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला ती सांगतो. इंग्लंडातल्या शेफील्डच्या सुऱ्या जगभर गेल्या. पण तेथे कोरड्या दगडी सहाणेवर काटे घासणारे कामगार तिशी-पस्तिशीत छातीच्या रोगाने मरत. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवले आहे. ती वाळूच्या दगडाची धूळ होती. आपल्याकडे खंबायतला अकीक घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत तीच सिलिका गेली. आजच्या एमरी पट्ट्यांत तसा दगड नसतो हे खरे, पण पोलादाची आणि पट्ट्याची बारीक धूळ छातीला चांगली नव्हे, आणि मुठीच्या लाकडाचीही नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवीत नाही. धुळीसाठीचा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि डोळ्यांना चष्मा यांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरावेत. ते धरून यंत्र परवडत नसेल तर ते यंत्र परवडत नाही! काम उघड्या पडवीत करावे, ठिणग्यांखाली पाण्याचे घमेले ठेवावे, आणि लाकडाचा भुसा तेथे साचू देऊ नये, कारण एका ठिणगीने तो पेटतो. सुती हातमोजे, उपरणे, ओढणी, लोंबती बाही यांपैकी काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नको. एका कारखान्यात काम लवकर उरकावे म्हणून ग्राइंडरचे झाकण काढून ठेवलेले आम्ही पाहिले आहे. त्याची किंमत एका पोराच्या दोन बोटांनी दिली. अर्थिंगची तार जोडल्याशिवाय तर बटन दाबूच नये.

कायद्याचेही एक सांगून ठेवतो. घरकामाची, शेतीची, धंद्याची हत्यारे करण्याला अडचण नाही. पण शोभेचे खंजीर आणि नऊ इंचांहून लांब पाती यांच्या नादी लागलात तर शस्त्र कायदा आडवा येतो, आणि आमच्या जिल्ह्यांत पोलिसांची नजर अधिक कडक असते. विळा, कोयता, भाजीची सुरी यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विकत घ्यायचेच ठरले तर दुकानात यंत्र चालू करायला लावा. पट्टा पाच मिनिटे मधोमध चालतो की कडेला सरकतो ते पाहा. मागच्या सपाट पट्टीवर लाकडाचा तुकडा जोराने दाबा. पट्टा थांबला तर मोटार अशक्त आहे, पट्टा घसरला तर स्प्रिंग. बंद केल्यावर चाक हाताने हलवून बेअरिंग खिळखिळे आहे का तेही तपासा. दुकानदार यंत्र चालू करून दाखवायला कुरकुरला, तर पुढच्या दुकानात जा.