हळदीला लिंबू कळत नाही

कांदेपोह्यांवर लिंबू कितीही पिळा, पोहे पिवळेच राहतात. त्याच पोह्यांचा डाग सदऱ्यावर पडला आणि त्यावर साबण चोळला, की डाग बघता बघता लालसर होतो. खळबळून धुतला की परत पिवळा. मुरगळलेल्या पायावरचा हळद-चुन्याचा लेप लाल दिसतो तोही यामुळेच.

हळद हा नैसर्गिक दर्शक, हे शाळेत सगळेच शिकतात. पोह्यांचं कोडं मात्र तसंच राहतं. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २, शुद्ध पाण्याचा ७. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची, म्हणजे दोघांच्या आम्लतेत लाखपटीचा फरक. एवढा फरक हळदीला दिसू नये?

हळदीतलं कुर्क्युमिन हे स्वतःच एक सौम्य आम्ल आहे. त्याच्या रेणूवरचे काही प्रोटॉन सैलसर धरलेले असतात. ते जागेवर असेपर्यंत रेणू जांभळा-निळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा दिसतो. साबणातलं किंवा चुन्यातलं अल्क ते प्रोटॉन काढून घेतं. मग मागे उरलेले इलेक्ट्रॉन रेणूभर अधिक मोकळे पसरतात, शोषण हिरव्या प्रकाशाकडे सरकतं आणि रंग लाल होतो. ही देवघेव सुरू होते ती सामू साधारण साडेसातच्या पुढे गेल्यावर. त्याच्या खाली सामू २ असो की ७, प्रोटॉन जागचे हलत नाहीत.

प्रत्येक दर्शकाचा उंबरठा असा वेगळा असतो. मिथिल ऑरेंजचा ३.१ ते ४.४, फिनॉल्फ्थॅलीनचा ८.२ ते १०. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांचा पाक आम्लात लाल आणि अल्कात हिरवा होतो हे नोंदवलं. सामूची मोजपट्टी सोरेन्सनने दिली ती थेट १९०९ मध्ये. एकटा दर्शक आम्लता मोजत नाही, द्रावण उंबरठ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच सांगतो. माझ्या मते रंगांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी मुलांना हे सांगायला हवं.

कारण चुकीचा दर्शक चुकीचं उत्तर देतो. व्हिनेगरमधलं आम्ल मोजताना ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडतात. आम्ल संपतं तेव्हा सामू पावणेनऊच्या आसपास असतो, म्हणून शंकुपात्रात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि टिकणारी पहिली फिकट गुलाबी छटा आली की हात थांबवायचा. तिथे मिथिल ऑरेंज घेतलं, तर रंग पूर्ण पिवळा होतो तेव्हा निम्म्याहून जास्त आम्ल शिल्लकच असतं.