लेहच्या थंडीत उभा ट्रक

लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांच्या आसपास जातो. उघड्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकला तिथे पहिला दगा देते ते डिझेल. त्यात मुळातच मेणासारखे घटक असतात. गारठ्यात त्यांचे स्फटिक होतात, फिल्टर तुंबतो आणि इंजिनाला इंधन मिळत नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले. मात्र ते नुसते टाकीत ओतून भागत नाही. ते पाइप आणि फिल्टरमध्येही पोहोचायला हवे. त्यासाठी कडाक्याची थंडी पडण्याआधीच ट्रक थोडा चालवून घ्यावा. टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी बनते आणि तळाशी साचते.

बॅटरी पूर्ण चार्ज करून, काढून घरात ठेवलेली बरी. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल फार पातळ होते, ते गोठले की खोके तडकते. कूलंटमध्ये निम्मे ग्लायकॉल हवे. साधे पाणी इंजिनाचा ब्लॉकच फोडू शकते. एअर टँकमधले पाणी काढून टाकावे. जागा सपाट असेल तर हँडब्रेक न लावता चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत, नाहीतर ब्रेक गोठून ड्रमला चिकटतात.

आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय मात्र सोडलेलीच बरी. तेवढ्यात ते पुरते तापत नाही, उलट ऑइलमध्ये ओल साचते.